उपाशी गोधडीची कहाणी

ऐक गं चिंधाई माते, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता नकोत, चिमूटभर राख घ्या. जी पेंगत असेल तिनं उठून तोंडावर पाणी मारावं, आणि ते पाणी अळवाला जाईल असं मारावं.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीबाहेर उकिरडा होता. नगराच्या कहाण्या पुष्कळ झाल्या. सोन्याच्या घागरी झाल्या, मोत्यांचे घोस झाले. उकिरड्याची कहाणी कुणी सांगितली नाही. ती ही.

त्या नगरात भिका नावाचा शिंपी होता. त्याची बायको धुरपा. त्याची म्हातारी आई साळूबाई. भिका लोकांचे अंगरखे शिवी. गिऱ्हाइकं अशी चिकट, की अंगरखा नेताना कातरणसुद्धा मागून नेत. घरात माणसं तीन आणि गोधडी एक. पौषाची थंडी पडली. गोधडी इकडे ओढली की हिचे खांदे उघडे, तिकडे ओढली की त्याचे पाय उघडे. साळूबाई कडेला निजे. कडेला निजणाऱ्याच्या वाट्याला गोधडी येत नाही, गोधडीचा काठ येतो.

रोज सकाळी धुरपा सासूचे पाय हातात घेई. पाय असे गार, जसे रांजणाच्या तळचे दगड. चोळचोळून ऊन करी. एके दिवशी चोळता चोळता सूर्य हातभर वर आला, तरी पाय ऊन होईनात. साळूबाई म्हणाली, "राहू दे गं धुरपे. जळण जास्तीचं लागायला लागलं की चूल मोडीत निघते." आणि हसली. धुरपेला हसू आलं नाही. तिच्या मनानं धसका घेतला. पुढच्या थंडीच्या आत दुसरी गोधडी झाली नाही, तर ती थंडी ही म्हातारी काढायची नाही.

मग गोधडीला चिंध्या हव्यात. घरात चिंधी नाही. दारात चिंधी नाही. शेजारणीकडे मागावी, तर शेजारीण चारचौघीत बोलून दाखवील. मग धुरपा मनाशी म्हणाली, "उकिरड्यावर कुणी बोलायला नसतं." पदर डोक्यावरून ओढला, आणि माणूस माणसाला दिसणार नाही अशी वेळ पाहून निघाली.

वेळ कोणती? पौष महिना, कार्य नसलेला. अवस, चंद्र नसलेली. टळटळीत दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नसलेली. अशी तीन नसण्यांची गाठ पडली, त्या घटकेला धुरपेनं वेस ओलांडली.

उकिरड्यावर एक म्हातारी बसलेली. तिच्या अंगावर साठ ठिगळांचं लुगडं. एकेका ठिगळाची कळा निराळी. एक ठिगळ ओलं, एक कोरडं. एकातून तान्ह्या पोराचा वास येत होता, एकातून चितेच्या धुराचा. ऊन समोरून येत होतं, म्हणजे सावली पाठीमागे पडायची. म्हातारीची सावली पुढे, उन्हाकडे तोंड करून पडली होती. धुरपेचे पाय जागच्या जागी रुतले.

म्हातारी एक फुटकं गाडगं हातात घेऊन त्याला विचारीत होती, "बाई बाई, तुझं काम सरलं का?" गाडगं गप्प. दुसऱ्यांदा विचारलं. गाडगं गप्प. तिसऱ्यांदा विचारलं. तशी गाडग्यातून, विहिरीच्या तळातून यावा तसा, बारीक आवाज आला, "पाणी राहत नाही, तुळस राहील."

धुरपा पळायला वळली. पण सासूचे पाय आठवले. मग जवळ गेली, म्हणाली, "आजीबाई, आजीबाई, हा कसला वसा?"

म्हातारी वर न बघताच म्हणाली, "तुला कशाला हव्यात चौकशा? चिंध्या वेचायला आलीस, चिंध्या वेच."

"चिंध्या वेचीनच. पण गाडगं बोललं ते मी ऐकलं. ऐकून न विचारता गेले तर रात्रभर डोळा लागायचा नाही."

"वसा दिला तर उतशील, मातशील, चार घास जास्त मिळाले की टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही. उतायला आमच्या भांड्यात असतं काय?"

म्हातारी हसली. तिच्या अंगावरची साठ ठिगळं हसली. म्हणाली, "मी चिंधाई. देवांनी महिने वाटून घेतले, वार वाटून घेतले, फुलं, फळं, पत्री वाटून घेतली. उरला पौष. उरली अवस. उरला उकिरडा. तो मी घेतला. माझा वसा असा. घरातली कुठली वस्तू टाकायची झाली, तर हातात घ्यावी, तीनदा विचारावं, बाई बाई, तुझं काम सरलं का? तीनदा गप्प राहिली, तर मातीला द्यावी, नमस्कार करावा. बोलली, तर घरात ठेवावी. पाण्याला दोन कामं सांगितल्याशिवाय मोरी दाखवू नये. असं पौष ते पौष करावं. उद्यापनाला गोधडी शिवावी, थंडीनं कुडकुडत असेल त्याच्या अंगावर घालावी."

"आणि माते, वसा मोडला तर?"

"टाकणारणीला टाकणारे भेटतात," म्हातारी म्हणाली. एवढंच म्हणाली. धुरपेनं डोळे मिटून नमस्कार केला. डोळे उघडले तर म्हातारी नाही. गाडगं आहे, आणि सावली अजून तिथंच पडलेली आहे. मग सावलीनं हळूच आपले काठ गोळा केले नि उकिरड्यात शिरली.

धुरपा घरी आली. फुटक्या गाडग्यात तुळस लावली. वसा सुरू केला. भाकरी शिळी झाली, तिला विचारलं. "ताकात कुस्कर," भाकरी म्हणाली. दोडका सोलला, शिरांना विचारलं. "तिळाबरोबर परत, चटणी होते," शिरा म्हणाल्या. तांदळाचं धुवण ओतू लागली, तर ते घाईनं म्हणालं, "अगं, अगं, शेवग्याला!" भिकाला काही ऐकू येत नसे. तो म्हणे, "धुरपे, तुला वारं लागलं की काय? दोडक्याशी बोलतेस!" धुरपा म्हणे, "तुमच्याशी बोलून कुठं चटणी होते?" साळूबाई कोपऱ्यात हसे.

आणि लुगडं? लुगड्याची तर गोष्टच निराळी. ते एकदा बोलू लागलं की थांबेना. नेसलं, ते विरलं, झोळी झाली. झोळी विरली, गोधडीला ठिगळ झाली. ठिगळ विरलं, पोतेरं झालं. पोतेरं विरलं, चुलीत पेटलं. पेटलं त्याची राख झाली, राखेनं भांडी घासली. भांड्यात बघावं तर धुरपेचं तोंड दिसे, असं लख्ख. एका लुगड्यानं सहा जन्म घेतले आणि एकदाही कुणाला लाजवलं नाही.

मग हळूहळू काय झालं? सोन्याचा पाऊस पडला नाही. शेवगा लागला. तुळस बहरली. रोजची चिमूट वाचली, आठवड्याची मूठ झाली, महिन्याची पायली झाली. साळूबाईच्या गालावर लाली दिसू लागली. वर्ष भरत आलं. उकिरड्यावरून वेचून आणलेल्या, धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या चिंध्यांची धुरपेनं गोधडी घातली.

साळूबाई टाके शिकवायला बसली. तिची नजर अधू, पण बोटं पाहणारी. म्हणे, "धावदोरा घाल. पाच टाके सरळ, सहावा उलटा. आमच्या घरच्या बायकांचा हा टाका. माझ्या सासूनं मला दिला, मी तुला देते. दुसऱ्या कुणाच्या हातात हा नाही." गोधडी चारी बाजूंनी शिवून झाली. एक कोपरा उघडा राहिला. तशी साळूबाईनं भाकरीचा तुकडा मागितला, कोपऱ्यातून आत सारला, म्हणाली, "घे बाई, खा. पोटभर राहा, ऊब देत राहा." आणि मग शेवटचा टाका घातला.

धुरपा म्हणाली, "आत्याबाई, हे काय?"

"गोधडीला घास भरवल्याशिवाय तोंड शिवू नये गं. किती जणांच्या अंगचं कापड तिच्या पोटात असतं. तितक्यांची भूक असते तिला. घास मिळाला तर अंगावर माया करते. उपाशी शिवली, तर पांघरणाऱ्यालाच खाते."

"उपाशी गोधडी तुम्ही पाहिली?"

"पाहिली नाही. पण माझ्या सासूच्या सासूची एक बहीण होती, असं म्हणतात." साळूबाईनं दोरा दातांनी तोडला. "होती म्हणजे काय, मोजणीत एक बहीण कमी पडते. नाव कुणाला आठवत नाही."

उद्यापनाला गोधडी कुणाच्या अंगावर घालायची? घरात कुडकुडणारं माणूस होतंच. धुरपेनं गोधडी सासूच्या अंगावर घातली. पहाटे पायांना हात लावला, तर पाय भाकरीसारखे ऊन. धुरपेला असा आनंद झाला, की पोटात मावेना.

तिकडे काय झालं? राजाच्या मुलीला हुडहुडी भरली. शाल घातली, ऊब येईना. रेशमी दुलई घातली, ऊब येईना. पिसांची रजई घातली, ऊब येईना. दात वाजतात ते दरबारापर्यंत ऐकू येतात. राजानं दवंडी पिटवली, पोरीला ऊब येईल असं पांघरूण कुणीही आणावं. दवंडी साळूबाईनं ऐकली. गोधडी घडी करून धुरपेच्या हातात दिली. "ने. पोर आहे. मला जुनी पुष्कळ झाली." धुरपा नको नको म्हणाली. "मी सांगते ना! माझे पाय तू चोळशील. तिचे चोळायला दासी आहेत, दासींचे हात गार असतात."

धुरपा राजवाड्यात गेली. चिंध्यांची गोधडी बघून दासींनी नाकाला पदर लावले. राजकन्येच्या अंगावर गोधडी पडली मात्र, दात वाजायचे थांबले. पोर कुशीवर वळली, झोपेत पुटपुटली, "कोण गं तुम्ही इतक्याजणी?" आणि गाढ निजली.

राजानं गोधडी ठेवून घेतली. भिकाला दरबारचा शिंपी केलं. चौसोपी घर दिलं. चाळीस शिंपी हाताखाली दिले. दारी गाय आली, घोडा आला. दासी आल्या, पहारेकरी आला.

आणि मग बायांनो, व्हायचं तेच झालं. गरिबीत वसा पाळायला काही लागत नाही, गरिबीच पाळून घेते. खरी परीक्षा कोठीघर भरल्यावर. धुरपा उतली, धुरपा मातली. सकाळची भाकरी संध्याकाळी मोरीत गेली. तिला विचारलं नाही. एकदा नेसलेलं लुगडं दासीनं उचललं, उकिरड्यावर टाकलं. त्याला विचारलं नाही. बादली बादली पाणी अंगणात ओतलं, धूळ बसावी म्हणून. त्यालाही विचारलं नाही. पहिल्या दिवशी वस्तू ओरडल्या. दुसऱ्या दिवशी कुजबुजल्या. तिसऱ्या दिवशी धुरपेला ऐकू यायचं बंद झालं. ती म्हणाली, "बरं झालं. डोकं शांत झालं."

पण साळूबाई गप्प बसेना. दासी काही टाकायला निघाली की आडवी येई, वस्तू हातात घेई, तीनदा विचारी. सावकारिणी, कारभारणी हळदीकुंकवाला आल्या, त्यांच्यासमोर म्हातारी दोडक्याच्या शिरा कवटाळून बसली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. धुरपेचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"आत्याबाई, शोभतं का हे? आता कशाची कमी आहे?"

"कमी नाही म्हणूनच विचारते. कमी असती तर तू विचारलं असतंस."

"माझी लाज काढायची असेल तर गोठ्यात बसून काढा!"

म्हणायला म्हणाली, आणि म्हटलं ते केलं. सासूचं अंथरूण गोठ्यात गेलं. सोबत तीच जुनी, काठ विरलेली गोधडी. भिका म्हणाला, "अगं, आई आहे." धुरपा म्हणाली, "आईच आहे, गोठा काय परका आहे?" भिका मान खाली घालून दरबाराला गेला. दरबारचे शिंपी मान खाली घालायला लवकर शिकतात. साळूबाई जाताना एवढंच म्हणाली, "धुरपे, मला टाकताना तरी तीनदा विचारायचंस." मग म्हातारीनं धुरपेचा टाकलेला वसा उचलला. रोज दुपारी काठी टेकत उकिरड्यावर जाई, एकेका वस्तूला विचारी.

मग राजकन्येचं लग्न ठरलं. राणीनं सांगून पाठवलं, "मुलीला सासरी न्यायला धुरपेच्या हातची गोधडी हवी." धुरपेला वाटलं, ह्या वेळी चिंध्या कशाला? तिनं चाळीस कोरी लुगडी आणली. घडी न मोडलेली, अंगाला न लागलेली. कात्री घेतली आणि त्यांच्या चिंध्या केल्या. लाल, हिरवी, जांभळी. कापताना कापड ओरडलं. तिला ऐकू येत नव्हतं. कात्री मात्र हातात गार पडत गेली.

तीन दिवसांत गोधडी झाली. अशी देखणी, की दारावर गर्दी झाली. एक कोपरा उघडा राहिला. गोठ्यातून साळूबाईनं हाक दिली, "धुरपे, घास भरवलास का?"

धुरपा पुटपुटली, "राजाच्या गोधडीत शिळ्या भाकरीचा तुकडा? उंदीर लागतील." आणि कोपरा शिवून टाकला.

गोधडी न्यायला पालखी तिथून चौथ्या दिवशी यायची होती. धुरपा म्हणाली, "ऊब कशी येते बघू तरी." दुपारी पांघरून निजली. मऊ, अशी मऊ, की हाडं विरघळावीत. अर्धवट झोपेत तिला कुरतडल्याचा आवाज आला. उंदीर असेल म्हणाली. उठून गोधडी झटकली. उंदीर नव्हता. अंगणात आली, तर दासी किंचाळली, "बाईसाहेब, तुमची सावली?" धुरपेनं खाली पाहिलं. तुळशीची सावली होती, गाईची होती, दासीची होती. तिची नव्हती. ती म्हणाली, "ऊन मंद आहे." आणि आत गेली. ऊन मंद नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निजू नये, निजू नये म्हणता पाय आपोआप गोधडीकडे वळले. गोधडी तिच्याभोवती आपली आपण गुरफटली. आतून चाळीस आवाज आले. "आम्हांला कुणी नेसलं नाही. आम्हांला कुणी मिरवलं नाही. काम सुरू व्हायच्या आत आमचं काम सरलं." धुरपेनं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज गोधडीनं खाल्ला. उठली ती मुकी होऊन उठली.

तिसऱ्या दिवशी ती गोधडीपासून दूर, माजघराच्या दारात बसली. गोधडीचं एक टोक जमिनीवरून सरपटत आलं आणि मांजरासारखं तिच्या मांडीवर चढलं. मग तिला काही कळलं नाही.

जाग आली तेव्हा भिका समोर उभा होता. दासीला विचारीत होता, "ही बाई कोण? आत कशी आली?"

धुरपेनं त्याचा हात धरला. आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र दाखवलं.

भिका मंगळसूत्राकडे बघत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या. "मला बायको होती का गं?" तो दासीला म्हणाला. "घरात दोन पाट मांडतात म्हणून विचारतो."

दासी म्हणाली, "नाही हो मालक. कोण जाणे कशाला मांडतात."

पहारेकरी म्हणाला, "चल गं भिकारणी." त्यानं धुरपेला हाताला धरून ओढत नेलं, वेशीबाहेर नेलं आणि उकिरड्यावर लोटून दिलं. पौष होता. अवस होती. टळटळीत दुपार होती.

धुरपेनं वर पाहिलं. तिनं टाकलेलं सगळं ओळीनं बसलं होतं. मोरीत टाकलेली भाकरी, हिरवी बुरशी पांघरून. एकदाच नेसलेलं लुगडं, आत कुणी नसताना कुणी बसावं तसं, गुडघे मुडपून. अंगणात ओतलेल्या पाण्याच्या बादल्या, तोंडं तिच्याकडे वळवून. त्या सगळ्यांनी मिळून, एका आवाजात, अगदी हलके विचारलं, "बाई बाई, तुझं काम सरलं का?"

धुरपेला आवाज नव्हता. तिनं मान हलवली. त्यांना डोळे नव्हते.

इतक्यात काठीचा आवाज आला. टक. टक. टक. साळूबाई आली. अंगावर तीच जुनी गोधडी, काठ लोंबत होता. गाडग्याला विचारलं, मडक्याला विचारलं, विचारीत विचारीत धुरपेपाशी आली. म्हातारीची नजर अधू. तिला दिसला एक फाटक्या कापडाचा ढीग. तिनं धुरपेचा पदर हातात घेतला, चाचपला, विचारलं, "बाई बाई, तुझं काम सरलं का?"

धुरपेनं ओठ हलवले. आवाज नाही.

वाऱ्याची झुळूक थांबली. धुरपेनं पाहिलं, तिच्या पायांवर एक सावली हळूहळू चढत होती. ऊन समोरून होतं, सावली उन्हाकडे तोंड करून होती. घोट्यापर्यंत आली. घोटे मातीसारखे गार पडले.

साळूबाईनं दुसऱ्यांदा विचारलं, "बाई बाई, तुझं काम सरलं का?"

धुरपेनं सासूचे पाय धरले. म्हातारीच्या पायांना पौषात काय कळणार? ते रांजणाच्या तळचे दगड. त्यांना चोळणारं कुणी उरलं नव्हतं. सावली धुरपेच्या कमरेपर्यंत आली. कंबर मातीसारखी गार पडली.

मग साळूबाईनं श्वास घेतला. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं. तीनदा गप्प राहील ते मातीला द्यावं, असा वसा. धुरपेचा हात छातीशी गेला. शिंप्याघरची बाई, पदराला सुई खोचलेली. सुईत दोरा होता, वीतभर. तिनं सासूच्या गोधडीचा लोंबता काठ धरला आणि शिवायला घेतला. सावली खांद्यापर्यंत आली. धुरपेनं टाका घातला. एक. दोन. तीन. चार. पाच सरळ. बोटं बधिर झाली. सहावा उलटा.

"बाई बाई, तुझं..."

साळूबाई थांबली. काठ ओढल्यासारखा झाला म्हणून तिनं बोटं फिरवली. पाच टाके मोजले. सहावा लागला. पुन्हा बोटं फिरवली. काठी खाली पडली.

"हा टाका जगात दोघींच्या हातात आहे," साळूबाई म्हणाली. "एक मी. आणि मी तर इथं उभी आहे. मग तू..." म्हातारी अडखळली. तिच्याही डोक्यातून नाव पुसलेलं. पण बोटांतून पुसलेलं नव्हतं. ती टाक्यावरून बोट फिरवीत राहिली, जसं मूल अक्षरं गिरवतं. "मी तुला शिकवलं. तू माझे पाय चोळायचीस. तू दोडक्याशी बोलायचीस. तू... धुरपे! अगं धुरपे, तुझं काम कुठं सरलंय? ऊठ!"

सावली झरकन मागे हटली, उकिरड्यात शिरली. ओळीनं बसलेल्या वस्तू जिथल्या तिथं आडव्या झाल्या.

साळूबाईनं सुनेला उठवलं, हाताला धरून घरी आणलं. पहारेकऱ्यानं काठी आडवी घातली. "बाजूला हो रे मेल्या! ह्या घराची धनीण आहे ही. तुझा पगार कोण करतं ते संध्याकाळी कळेल." पहारेकऱ्याला धनीण आठवेना, पण म्हातारीच्या तोंडासमोर कोण उभा राहील?

माजघरात गोधडी फुगून बसली होती. पोट वर-खाली होत होतं. साळूबाईनं सुई घेतली, कोपरा उसवला. आत अंधार होता. तिनं पदराची गाठ सोडली. गोठ्यात तिला दासी देई ती अर्धी भाकरी होती, दिवसाची तेवढीच. ती धुरपेच्या हातात दिली. "तू शिवलीस, तू भरव."

धुरपेनं भाकरी आत सारली. गोधडीनं तिच्या मनगटापर्यंत हात ओढून घेतला. चावण्याचा आवाज झाला. मग आतून चाळीस आवाज म्हणाले, "आणखी."

साळूबाई कडाडली, "घास म्हणजे घास! पोट नव्हे. माझ्या सुनेचं खाल्लंत ते आधी काढा!"

गोधडी निमूट झाली. आधी धुरपेचा आवाज आला. तिचा पहिला शब्द, "आत्याबाई." मग भिकाची ओळख आली. तो दारातून धावत आला, म्हणाला, "धुरपे, कुठं होतीस गं? आज दुपारपासून माझं काहीतरी हरवलंय आणि काय ते आठवत नव्हतं." शेवटी सावली आली. पण ती अख्खी आली नाही. डाव्या खांद्याशी हातभर तुकडा गोधडीच्या पोटात राहिला. मग साळूबाईनं आपल्या सावलीचा काठ कातरला, सुनेच्या सावलीला ठिगळ लावलं. पाच टाके सरळ, सहावा उलटा.

धुरपेनं सासूचं अंथरूण माजघरात आणलं, मधोमध घातलं, कडेला नाही. मग राजवाड्यात गेली, राणीला हात जोडून म्हणाली, "कोऱ्या कापडात ऊब नसते, भूक असते. तुमच्या घरचं जुनं द्या." राणीनं आपलं विरलेलं लुगडं दिलं, राजानं जुनं पागोटं दिलं, पाळण्यातलं दुपटं निघालं. त्याची गोधडी झाली. घास राणीनं आपल्या हातानं भरवला. राजकन्या ती पांघरून सासरी गेली, तिला कधी परकं वाटलं नाही.

आणि ती चाळीस लुगड्यांची? ती कुणाला देता येईना. जिनं केली तिनं निभावावी. धुरपेनं ती स्वतः पांघरली, जन्मभर. दर अवसेला कोपरा उसवून घास भरवला. एका अवसेला विसर पडला, तर सकाळी सावली बोटभर आखूड होती. पुन्हा विसर पडला नाही. पांघरून पांघरून चाळीसही लुगडी विरली, पोतेरी झाली, चुलीत गेली, त्यांच्या राखेनं भांडी लख्ख निघाली. त्या दिवशी चुलीतून आवाज आला, "आता सरलं." धुरपेनं नमस्कार केला. नगरातले लोक सांगत, उन्हात धुरपा चालली की तिच्या सावलीचा डावा खांदा जरा निराळा हले, म्हातारीच्या चालीनं. साळूबाई गेल्यावरही हले.

जशी चिंधाई धुरपेला कोपली, तशी तुम्हां-आम्हां कोपू नये. जसं साळूबाईच्या बोटांनी धुरपेला ओळखलं, तसं पडत्या काळी आपल्याला कुणीतरी ओळखो. आता हातातली राख ओतू नका, भांड्यांना ठेवा. शेजारी बसलेल्या म्हातारीचे पाय गार आहेत का तेवढं बघा. ही साठ ठिगळांची कहाणी, पाच टाक्यांत शिवली, सहाव्याला उलटली, घास भरवून सुफळ झाली, संपूर्ण झाली.